मोरी बघून कर्ज

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की मी हात धुवायचं निमित्त काढते. चहा यायच्या आधी, मुलगा काय करतो हे विचारायच्या आधी मी मोरीत पोचलेली असते. आमच्या नात्यात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सोयरीक जमवायची असली की मला मुद्दाम बरोबर नेतात. माझी स्वतःची मुलं मात्र माझ्यासोबत कुठं जायचं म्हटलं की तोंड लपवतात. "आई, निदान लग्नाच्या हॉलात तरी आत शिरू नको," धाकटी परवा म्हणाली. तिला वाटतं ही माझी जन्मजात खोड आहे. तसं नाही. ही नोकरीत लागलेली खोड, आणि ज्या माणसानं ती लावली त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

सगळे त्यांना चाचाजी म्हणायचे. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत शीख समाजाची एक पतसंस्था होती. पतसंस्था म्हणजे दोन खोल्या, एक तिजोरी आणि तिजोरीपेक्षा जड एक लाकडी बाक. सभासद म्हणजे ट्रकवाले, सुतार, मोटारीचे मिस्त्री, थोडी शेती असलेले. सभासदांनीच पैसे ठेवायचे, सभासदांनीच उचलायचे आणि वर्षातून एकदा सभा भरवून सभासदांनीच एकमेकांवर ओरडायचं. चाचाजी तिथले सेक्रेटरी, बिनपगारी. त्यांचा मूळ धंदा ट्रकची बॉडी बांधायचा. दुपारपर्यंत लाकूड आणि पत्रा, दुपारनंतर संस्था. त्यामुळं कर्जाचे कागद वाचताना त्यांच्या दाढीतून बारीक भुसा कागदावर पडायचा आणि तो फुंकत फुंकत ते पान उलटायचे.

त्यांचे पणजोबा निजामाच्या काळात पंजाबातून आलेले. खुद्द चाचाजींनी पंजाब एकदाच पाहिला होता. "थंडी लई हाय, आन् लोक विनाकारण जोरात बोलतेत," एवढंच त्यांचं त्याबद्दल मत. स्वतः मात्र एका वाक्यात तीन भाषा बोलायचे. सुरुवात दखनीत, मधला भाग मराठीत, राग आला तर शेवट पंजाबीत. शिवी द्यायची झाली तर ती तेलुगूत देत, म्हणजे कुणाला कळू नये. आमचा शिपाई आंध्राच्या सीमेवरच्या देगलूरचा होता. त्याला ती बरोबर कळायची आणि तो बिचारा आपलीच चूक असल्यासारखा लाजायचा.

मी तिथं कशी गेले? माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांची चाचाजींची जुनी ओळख. मी शेवटच्या वर्षाला दोनदा बसून एकदाची बी.कॉम. झाले होते आणि घरात माझ्याकडं लोक पहिलं विमान उडाल्यासारखं बघत होते. मुलाखतीला गेले तर चाचाजींनी प्रमाणपत्र उघडलंसुद्धा नाही. माझ्यासमोर पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवला. मी शिष्टाचार म्हणून दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला.

"बाकीचं?"

"नको, बस."

"मग भरलेला घेतला कशाला? अर्धा मागायचा."

मी सगळा ग्लास संपवला. ते म्हणाले, "ठीक हाय. सोमवारपासून ये." घरी येऊन मी आईला सांगितलं, मुलाखत अवघड होती.

मला वाटलं होतं रोजकीर्द लिहायची, व्याज काढायचं, फार तर बँकेत जायचं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी चाचाजी छत्री घेऊन उभे. "चल बी.कॉम., एका घरी जायचंय." माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. बी.कॉम. हेच माझं नाव. रस्त्यानं जाताना त्यांनी मला माझं खरं काम समजावून सांगितलं.

"मानूस बैठकीत खोटं बोलतो. मोरीत बोलत न्हाई. बैठक पाव्हन्यासाठी असते. मोरी कोन कुनासाठी सजवतं? संस्थेचा पैसा कुनाचा? सगळ्यांचा. पानी कुनाचं? सगळ्यांचं. जो पानी नीट वापरतो तो पैसा नीट वापरतो. झालं."

ही तपासणी आधी त्यांच्या पत्नी, चाचीजी, करत. चाचाजी बैठकीत बसायचे, चाचीजी आत जाऊन मोरी बघून यायच्या. त्यांचे गुडघे गेले आणि काम अडलं. "बायामानसं असतेत आत. मी कसा जाऊ? म्हनून तुला घेतलं."

म्हणजे संस्थेला हिशेबाला माणूस नकोच होतं. मोरीला हवं होतं.

पहिल्या घरी मी आत गेले, इकडंतिकडं पाहिलं आणि बाहेर येऊन कानात सांगितलं, "स्वच्छ आहे."

"स्वच्छ मी विचारलं न्हाई. भांडी धुतलेलं पानी कुठं जातं? तोटी गळते का? बादलीवर झाकन हाय का?"

मी परत आत गेले. मग साबण बघायचा राहिला म्हणून आणखी एकदा. त्या घरच्या बाईचा समज झाला की माझं पोट बिघडलंय. निघताना तिनं मला ओव्याचं पाणी पाजलं, आणि मी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्याले, कारण चाचाजी ग्लासाकडं बघत होते.

माझी आजी लातूरजवळच्या मुरुडकडच्या एका खेड्यातली. तिच्या तरुणपणी तिला गावच्या विहिरीपासून लांब उभं राहावं लागे. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा आणि ती खाली ओंजळ धरायची. पुढं आम्ही बौद्ध झालो, वडील मास्तर झाले. आता तिची नात लोकांच्या घरात शिरून पाणी कसं वापरता म्हणून तपासत होती. मी तिला माझं काम सांगितलं तेव्हा आधी तिला ते खरंच वाटेना.

"आन् ते येऊ देतेत आत?"

"देतेत आजी. च्या बी देतेत."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ज्याला त्याला बोलावून सांगत सुटली, आमची पोरगी मोऱ्यांची मामलेदार झाली.

पुढं माझं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट इथंच सांगून टाकते, नाहीतर विसरेन. चाचाजी कुणाला न सांगता माझ्या होणाऱ्या सासरी जाऊन आले. चाचीजींना गुडघ्यांसकट रिक्षात घालून नेलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "घर बरं हाय. सासू तांदळाचं धुवन झाडाला टाकते. नवरा मला बघता आला न्हाई, तो बाहेर गेलता." नवऱ्याचं मी माझं बघून घेतलं. पण सासूबद्दल त्यांचा अंदाज खरा ठरला.

तर दुष्काळ. लातूर तेव्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झालेला. त्याचा आनंद ओसरायच्या आत पाऊस रुसला. लातूर, निलंगा, उदगीर अशा गावांत आमचे थोडे सभासद होते. त्यांतला एक बल्लू. पंचविशीचा, वडिलांच्या माघारी त्यांचा ट्रक चालवायचा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल नाही म्हणून ट्रक महिनोन् महिने दारात उभा. एके दिवशी तो नांदेडला आला, समोरचा ग्लास न सांगता संपवला आणि म्हणाला, "चाचाजी, ट्रकवर टाकी बसवायची हाय. पान्याची. कर्ज द्या."

"पानी वाटनार?"

"इकनार. पान्याला गिऱ्हाईक हाय. उन्हाळ्याच्या आत टाकी बसली तर ट्रक वाचंल. न्हाईतर इकावा लागतो, आन् मी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर."

चाचाजींनी हातातली पेन्सिल कानावर ठेवली. "पानी इकायला आपली संस्था कर्ज देनार न्हाई."

"लंगरची भाकर फुकट असते, तरी गेल्या महिन्यात हॉटेलवाल्याला दिलंच की तुमी."

"भाकर मानूस करतो. पानी कोन करतो रे?"

बल्लू उठून निघून गेला. पण आमचे संचालक गप्प बसणारे नव्हते. असं कर्ज कधीच बुडत नाही, एवढा दुष्काळ परत कधी येणार, असं त्यांचं म्हणणं. बैठकीत बराच आवाज झाला. चाचाजी म्हणाले, माझ्या सहीनं होणार नाही; दुसरा सेक्रेटरी बघा. मग स्वतःच जरा घुटमळले. बल्लूचा बाप त्यांचा दोस्त होता, त्या ट्रकची बॉडी चाचाजींच्याच हातची. "मोरी तर बघून येऊ," ते म्हणाले. "मग बोलू." काही सुचलं नाही की ते मोरीचा आधार घ्यायचे.

आम्ही तिघं एसटीनं लातूरला निघालो. एकटी पोर बरोबर कशी न्यायची म्हणून चाचीजी, आणि चाचीजी म्हणून पराठ्यांचा डबा. अहमदपूरपर्यंत चाचीजी मला स्वेटरचा टाका शिकवत होत्या. बाहेर बघवत नव्हतं. शेतं नांगरून तशीच पडलेली. लातूरला उतरलो तर दुकानांच्या पाट्यांवरचं जिल्हा उस्मानाबाद खोडून लातूर लिहिण्याचं काम अजून चालूच होतं. चाचाजी एका रंगाऱ्यापाशी थांबले आणि तो ब्रश कशात धुतो ते बघून आले.

बल्लूचं घर गंजगोलाईच्या बाजारामागं. दारात गोणपाट गुंडाळलेला रांजण, त्यावर झाकण, झाकणावर पेला. येणारा-जाणारा थांबून पाणी पीत होता. घरात बल्लूची आई. उंच, धिप्पाड, आवाज मात्र एकदम हलका. मी नेहमीसारखं हात धुवायचं निमित्त काढलं आणि तिथंच चुकले. त्या गावात त्या दिवसांत हात धुवायला कोण मागतं?

आत गेले. मोरीची फरशी कोरडीठाक, तिच्या फटींतून मुंग्यांची रांग. एका घमेल्यात लेकराला आंघोळ घातलेलं पाणी, त्यात फडकी भिजवलेली. तोटी नाही, बादली उलटी. मी बाहेर आले आणि हळूच बोलायचं विसरले.

"चाचाजी, मोरीला पानीच न्हाई. तपासू काय?"

बल्लूच्या आईनं ऐकलं. "काय तपासून राहिली ही?"

चाचीजींनी डोक्यावरची ओढणी सारखी करत सगळं सांगितलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण ती बाई चिडली नाही. नीट ऐकून घेतलं, मग चाचाजींना विचारलं, "बरी रीत हाय भाईजी. मग कर्ज देनाऱ्याची मोरी कोन बघतं?"

चाचाजी हसले. "या ना बहेनजी. कवा बी या."

"येते," ती म्हणाली.

आणि आली. पुढच्या बैठकीच्या दिवशी, सकाळच्या गाडीनं, बल्लूला घेऊन. गुरुद्वाऱ्यात माथा टेकून सरळ ऑफिसात. संचालक बाकावर बसलेले. तिनं सत श्री अकाल केलं आणि थेट माझ्या खुर्चीमागच्या दारातून आत गेली.

आता त्या दारामागं काय होतं ते सांगते. एक चिमुकली मोरी, तिच्यात एक नळ. नळ गळायचा. कधीपासून, हे कुणाला सांगता आलं नसतं. शिपायानं खाली बादली ठेवलेली, बादली भरून वाहायची आणि पाणी मागच्या गटारात जायचं. त्याचा टप् टप् आवाज आम्हाला इतका सवयीचा झाला होता की घड्याळ चालू आहे असं वाटायचं. मी बी.कॉम. बाई मोऱ्या बघत लातूरपर्यंत जाऊन आले होते. चाचाजी तर मागं कधी फिरकतच नसत. त्यांच्यापुढं भरलेला ग्लास आपोआप यायचा.

बाई बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात भरलेला तांब्या होता. तो तिनं टेबलावर, चाचाजींच्या कागदांशेजारी ठेवला.

"मी नुसती उभी होते, तेवढ्यात भरला. एवढ्या पान्यावर माझ्या दारचा रांजण सकाळ काढतो."

चाचाजी उठले. आत गेले. आतून नळ खोलल्याचा आवाज आला, मग शिपायाला हाक, मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आत गेला. ट्यूबचा वायसर कापून त्यांनी नळ बसवला. टप् टप् थांबली आणि ऑफिस एकदम परक्याचं वाटायला लागलं. चाचाजी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत बाहेर आले आणि संचालकांना म्हणाले, "मी नापास. आता बहेनजी बोलतील."

ती उभ्यानंच बोलली. "पानी तर इकलं जानारच भाईजी. लातूरात आत्ताच लोक इकून राहिले. तुमी न्हाई म्हनलं म्हनून ते थांबनार न्हाईत. इकनारा कोन असावा, एवढंच तुमच्या हातात हाय. ज्याच्या दारात रांजण न्हाई त्यानं इकावं, का माझ्या पोरानं?"

चाचाजींनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. टेबलावर बोटांची पेरं वाजवली. लाकूड पोकळ आहे का भरीव ते बघताना ते असंच वाजवायचे.

"बल्लू, घागरीचे पैसे घे. ओंजळीचे घेऊ नको. रस्त्यात जो हात पुढं करंल, त्याला पाज. एक मग्गा ठेव गाडीत. तू वरून ओत, तो पिईल. कबूल असंल तर सही करतो."

"कबूल," बल्लू म्हणाला. संचालकांनी माना डोलावल्या. एकजण तर चहा सांगा म्हणाला. बैठकीत माझं काम चहा किती जणांना एवढं विचारायचं. ते विचारायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"वरून ओतायचं न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आता मागं फिरायला जागा नव्हती. "माझी आजी जन्मभर वरून ओतलेलं पिली, चाचाजी. ओतनारा चांगलाच होता. तरी पन. टाकीला नळ लावा. ज्याला तहान लागली तो आपल्या हातानं उघडंल, आपल्या हातानं बंद करंल."

एक संचालक म्हणाले, "बेटा, नळ लोकांच्या हातात दिला तर अर्धी टाकी रस्त्यावर जाईल. सगळे बंद करतेत का?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आमच्याच मागच्या मोरीचा वायसर अजून ओला होता. सगळे चाचाजींकडं बघत राहिले. चाचाजी माझ्याकडं. मग पेन घेतलं आणि बल्लूच्या अर्जावर सही केली. भुसा फुंकला.

"नळ मी बसवनार. मागं, खाली. लेकराचा हात पोचंल असा. गळला तर दोष माझा, कर्ज माझ्या नावावर टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जाताना बघितलं, चाचाजी गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात बसून लोकांच्या चपला-बूट पुसत होते. चुकीचं प्रायश्चित्त म्हणून ही सेवा करायची त्यांच्यात रीत आहे; पुढं बरेच दिवस त्यांनी ती सोडली नाही. कुणी विचारलं की "गळत होतं," एवढंच सांगायचे, आणि विचारणारा दाढीकडं, बुटांकडं बघत निघून जायचा.

टाकी त्यांच्या वर्कशॉपमध्ये चढली. नळ त्यांनी पितळी घेतला आणि दोनदा बसवून दोनदा काढला. उन्हाळा लागायच्या आत टँकर लातूरला गेला. बल्लूचा ट्रक वाचला. कर्ज त्यानं वेळेत फेडलं, आणि पाऊस परत सुरळीत झाला तसं टाकी उतरवून तो मोंढ्याचा माल वाहू लागला. हे सगळं पुढचं. पण त्या उन्हाळ्यात हे कुणाला माहीत होतं? चाचाजींना तर नक्कीच नाही. रोज दुपारी ते शिपायाला विचारायचे, लातूरकडून काही खबर?

शेवटी त्यांना राहवेना. आम्ही तिघं पुन्हा एसटीत. पुन्हा पराठे, स्वेटरची एक बाही तोवर झाली होती. बल्लूचा टँकर एका वस्तीत उभा होता. पुढं घागरींची रांग, बल्लू पाईप धरून उभा, त्याची आई पैसे घेत होती. मागच्या बाजूला, चाकाजवळ, पोरं पितळी नळावर वाकलेली. एक पोर प्यायचं, नळ बंद करायचं, दुसरं परत उघडायचं. कुणीतरी येऊन, पिऊन, तोंड पुसत निघून जात होतं. कुणी कुणाला विचारत नव्हतं.

चाचाजी लांब उभे राहिले. रांग संपली, पोरं पांगली, तेव्हा ते टँकरच्या मागं गेले, उकिडवे बसले आणि बंद नळाखाली तळहात धरला. तसेच बसून राहिले. ऊन डोक्यावर. घागरी घेऊन निघालेल्या बायका थांबल्या. म्हातारा मागून राहिला आणि पाणी येईना, असं वाटून एकीनं हाक मारली, "बाबा, फिरवा की ते." चाचाजी हलले नाहीत. बल्लूनं पाईप खाली ठेवला. त्याच्या आईनं हात कमरेवर घेतले. मी दोन पावलं पुढं सरकले; नळ माझ्या तोंडून निघाला होता.

मग त्यांनी हात बाहेर काढला, उलटा-सुलटा करून बघितला आणि बल्लूला नाही, मला दाखवला.

"बघ, बी.कॉम."

भेगा, पेरांवर जुने घट्टे, नखात लाकडाचा भुसा. तळहात कोरडा होता.

"आता तरी प्या," चाचीजी मागून म्हणाल्या. चाचाजींनी नळ आपल्या हातानं उघडला, ओंजळ भरून प्याले, दाढीवरून हात फिरवला, नळ बंद केला. आणि आम्ही निघायला लागलो तर त्यांनी पुन्हा नळाखाली हात धरला.